पूर्ण चित्रणातच कळणारा विजय: बेलर विरुद्ध गोंझागा, २०२१

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा भरवणाऱ्या एनसीएएने आपल्या ‘मार्च मॅडनेस’ या यूट्यूब वाहिनीवर अनेक जुने सामने पहिल्या उडीपासून शेवटच्या सेकंदापर्यंत विनामूल्य पाहण्यासाठी ठेवले आहेत. त्यांपैकी ५ एप्रिल २०२१ रोजी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियमवर झालेल्या पुरुषांच्या अंतिम सामन्याचे चित्रण मी आजवर तीन वेळा पाहिले आहे. हा सामना भारतात ६ एप्रिलच्या सकाळी सातच्या सुमारास, म्हणजे कामावर निघण्याच्या वेळेस सुरू झाला होता, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांपर्यंत तो ठळक क्षणचित्रांच्या रूपातच पोहोचला असणार. त्या क्षणचित्रांवर समाधान मानणाऱ्यांसाठी मी हे लिहीत आहे, कारण बेलर विद्यापीठाच्या संघाने गोंझागा विद्यापीठावर ८६-७० असा विजय नेमका कसा मिळवला, हे त्यांतून कळत नाही.

गोंझागाचा संघ तोपर्यंतचे ३१ पैकी ३१ सामने जिंकून आला होता. १९७६ मध्ये इंडियाना विद्यापीठाने केलेला, हंगामभर अपराजित राहून विजेतेपद मिळवण्याचा पराक्रम त्यानंतर कोणालाच साधला नव्हता, आणि गोंझागा त्यापासून एका विजयाच्या अंतरावर होता. दोनच दिवस आधी, जादा वेळेत गेलेल्या उपांत्य सामन्यात जेलन सग्जने अगदी शेवटच्या क्षणी लांबून टाकलेल्या चेंडूने त्यांनी यूसीएलए या विद्यापीठाच्या संघाला ९३-९० असे हरवले होते. अशा संघाविरुद्ध बेलरने पहिले नऊ गुण सलग घेतले आणि काही मिनिटांतच फलक २९-१० दाखवू लागला.

पूर्ण चित्रणाचे खरे मोल या सुरुवातीच्या भागात आहे. क्षणचित्रांत बेलरने हिसकावलेले चेंडू आणि तीन गुणांचे अचूक नेम दिसतात. पण गोंझागाला साधा पास देणेही का जड जात होते, ते दिसत नाही. बेलरचे बचावपटू चेंडू घेऊन येणाऱ्याला मैदानाच्या मध्यभागी शिरू देत नाहीत, पायांची ठेवणच अशी ठेवतात की त्याला कडेच्या रेषेकडे वळावे लागते, आणि तो तिकडे वळला की दुसरा खेळाडू मदतीला आधीच निघालेला असतो. ड्रू टिमीला बास्केटजवळ चेंडू पुरवून त्याच्याभोवती खेळ गुंफणे ही गोंझागाची सवय होती. इथे तो चेंडू त्याच्याकडे उशिरा किंवा त्याच्या पसंतीच्या जागेपासून दूर पोहोचतो. त्यात सग्जला सुरुवातीलाच दोन फाउल मिळाल्याने बाकावर बसावे लागले. चित्रण थांबवून, मागे नेऊन पाहिले, तर बेलरच्या डेव्हियन मिचेलला त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू का ठरवले गेले, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी लक्ष देण्याची गोष्ट म्हणजे चुकलेल्या नेमानंतरची धडपड. समोरच्या बास्केटखाली बेलरने १६ रिबाउंड, म्हणजे नेम चुकून परत आलेले चेंडू, मिळवले, गोंझागाने अवघे पाच. सहा फूट पाच इंचांचा मार्क व्हायटल सहा फूट दहा इंचांच्या टिमीच्या शेजारून चेंडू काढून नेतो, तेव्हा उंचीपेक्षा आधी घेतलेली जागा आणि पुन्हा पुन्हा उडी मारण्याची तयारी किती मोलाची असते, हे डोळ्यांनी पाहता येते. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांत उंच मुलगा नसला की संघ आधीच खचतो. त्या मुलामुलींना हा भाग मुद्दाम दाखवावा.

गोंझागाने बचावाची पद्धत बदलून मध्यंतराला अंतर ४७-३७ असे दहावर आणले आणि उत्तरार्धात ते एकदा नऊपर्यंतही खाली आले. सामना रंगणार असे वाटते तिथेच बेलर शांतपणे पुन्हा पुढे निघून जातो. २२ गुण मिळवणारा आणि सहकाऱ्यांना थेट गुण मिळवून देणारे सात पास देणारा जेरेड बटलर त्या वेळी कुठेही घाईत दिसत नाही. प्रशिक्षक स्कॉट ड्रू यांनी २००३ मध्ये एका मोठ्या प्रकरणाने उद्ध्वस्त झालेला हा संघ हाती घेतला होता, आणि बेलरच्या पुरुष संघाचे हे पहिलेच राष्ट्रीय विजेतेपद होते.

समालोचन इंग्रजीत आहे. जिम नॅन्ट्झ, बिल राफ्टरी आणि ग्रँट हिल यांचे बोलणे नेमके आहे, पण आवाज बंद ठेवूनही सामना समजतो. महासाथीमुळे प्रेक्षकांना मर्यादित प्रवेश होता, त्यामुळे एवढ्या प्रचंड स्टेडियममधला नेहमीचा जल्लोष इथे मिळणार नाही. शेवटच्या क्षणापर्यंत श्वास रोखून धरायला लावणारा सामना हवा असेल, तर याऐवजी यूसीएलएविरुद्धचा उपांत्य सामना पाहावा. एका संघाने दुसऱ्या, तितक्याच नावाजलेल्या संघाचा खेळ तुकड्यातुकड्याने कसा मोडून काढला, हे शिकायचे असेल, तर मात्र मी निःशंकपणे याच चित्रणाची शिफारस करतो.

आपल्या संघाला बसवून दाखवणार असाल, तर पहिली दहा मिनिटे दोनदा पाहा: एकदा चेंडूकडे पाहत, आणि एकदा चेंडूपासून दूर उभ्या असलेल्या बेलरच्या तीन खेळाडूंच्या पायांकडे पाहत.