रत्नागिरीतली गाडी-बुकिंग सेवा: गाडी वेळेवर, पण बिल तपासून घ्या

मिरजोळे एमआयडीसी भागातल्या या बुकिंग एजन्सीकडे स्वतःचा एकही ट्रक नाही. ट्रान्सपोर्टवाल्यांकडून गाडी मिळवायची, माल न्हावा शेवा किंवा वाशीला पोचवायचा आणि महिनाअखेर सगळ्या फेऱ्यांचं एकच बिल पाठवायचं, हा तिचा धंदा. मे महिन्यात आंब्याचं कॅनिंग जोरात असताना पल्पच्या ड्रमांना गाडी मिळवणं सोपं नसतं, ते काम ही मंडळी चोख करतात. वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली), डिटेन्शन (गाडी थांबवून ठेवल्याचा आकार) आधी सांगतात. बिल्टीचा (ट्रान्सपोर्टनं माल घेतल्याच्या पावतीचा) फोटो गाडी सुटण्याआधी व्हॉट्सॲपवर येतो. इथवर पूर्ण गुण.

गुण कापावे लागतात ते बिलापाशी. नेहमीच्या बिलात कमिशन आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असतो, आणि त्याखाली ‘भाडे परतावा’ म्हणून एक ठोक रक्कम, कर शून्य. इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर दिलेला कर आपल्या करातून वजा करण्याचा हक्क) अडकतं ते याच ओळीत.

भाडं 40,000 आणि कमिशन 2,000 धरा. कमिशनवरचे 360 रुपये तुमच्या जीएसटीआर-2बी मध्ये (मिळणाऱ्या क्रेडिटच्या यादीत) येतात, त्यात अडचण नाही. ट्रान्सपोर्टनं स्वतः क्रेडिट घेण्याच्या पर्यायासह फॉरवर्ड चार्ज (कर बिलात लावून स्वतः भरण्याची पद्धत) निवडला असेल तर भाड्यावर तो 18 टक्के, म्हणजे 7,200 रुपये लावतो (22 सप्टेंबर 2025 पूर्वी हा दर 12 टक्के होता). हे बिल एजंटच्या जीएसटी नंबरवर फाडलं की क्रेडिट एजंटच्या 2बी मध्ये जातं आणि तुमच्याकडून 47,200 ‘परतावा’ म्हणून वसूल होतात. जीएसटी कायद्याच्या कलम 16 प्रमाणे क्रेडिटला कराचं बिल तुमच्या नावाचं लागतं, त्यामुळे पैसे तुमचे गेले तरी ते 7,200 हातचे जातात.

यातून सुटायच्या वाटा दोन. एजंटनं जीएसटी नियमावलीतल्या नियम 33 प्रमाणे निव्वळ प्युअर एजंट राहायचं: ट्रान्सपोर्टचं बिल तुमच्या नावावर, तुमच्या जीएसटी नंबरसह, आणि एजंटच्या बिलात भाडं वेगळं, जेवढं भरलं तेवढंच. भाड्यात शंभर रुपये जरी वर चढवले तरी हा दावा टिकत नाही. नाहीतर त्यानं स्वतःची बिल्टी काढावी आणि पूर्ण 42,000 चं बिल स्वतः करावं. मग तोच जीटीए (जीएसटीच्या भाषेत मालवाहतूक एजन्सी) ठरतो. पहिली पद्धत ही एजन्सी बुकिंगच्या वेळी लेखी मागितली तर विनातक्रार पाळते. महिना उलटल्यावर मागितली तर चालढकल होते, कारण तोवर ट्रान्सपोर्टचा जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरणपत्र) भरून झालेला असतो.

ट्रान्सपोर्ट 5 टक्के आरसीएममध्ये (रिव्हर्स चार्ज, म्हणजे कर ट्रान्सपोर्टऐवजी भाडं देणाऱ्यानं भरायचा) असेल तर 2,000 रुपये तुम्ही रोख भरायचे, क्रेडिट लेजरमधून नाही. जीएसटीआर-3बी या विवरणपत्रात कर 3.1(डी) ला दाखवायचा आणि त्याच महिन्यात 4(ए)(3) ला परत घ्यायचा. ‘5 टक्के, क्रेडिट नाही’ ही अट ट्रान्सपोर्टवर आहे, तुमच्यावर नाही. तुमचा माल करपात्र असेल तर हे क्रेडिट पूर्ण तुमचं आहे, आणि गैरसमजातून ते सोडून दिलं जातं याचं फार वाईट वाटतं. बिल्टी देणारा ट्रान्सपोर्ट नोंदणीकृत नसेल तर सेल्फ इन्व्हॉइस (त्याच्याऐवजी तुम्हीच काढायचं बिल) 30 दिवसांत बनवा. 1 नोव्हेंबर 2024 पासून ही मुदत लागू आहे. मात्र गाडी ‘टू पे’ असेल आणि भाडं माल घेणारा देणार असेल, तर आरसीएमची जबाबदारी त्याची.

ट्रान्सपोर्टची जीएसटी नोंदणी गोवा किंवा बेळगावची असेल तर कर आयजीएसटीत (दोन राज्यांमधल्या व्यवहाराच्या करात) जातो. इथे सवयीनं सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या व्यवहाराचा कर) भरलं जातं आणि मग कर परत मिळवायची खटपट मागे लागते.

ट्रान्सपोर्टच्या बिलावर एकूण वजन, गाडी नंबर, पाठवणारा, घेणारा, कुठून-कुठे, आणि कर भरणाऱ्याचा जीएसटी नंबर हवाच. या एजन्सीकडून येणाऱ्या बिलांत बहुतेक वेळा वजनच राहून गेलेलं दिसतं.

आंब्याच्या पेट्या आणि पल्प एकाच गाडीत जाणार असतील तर दोन बिल्ट्या मागून घ्या. ताजा आंबा शेतमाल असल्यानं त्याच्या भाड्यावर कर नाही, पल्पच्या भाड्यावर आहे. एकाच ठोक भाड्यात दोन्ही घातले तर पेट्यांच्या वाट्याचाही कर भरून बसाल.