तालमीतलं एईडी: सहा महिने वापरात नाही, पण तयारीत

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालमीत पन्नाशीचा एक जुना पैलवान बैठका मारता मारता कोसळला. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा हुंगवला, चौघांनी उचलून गाडीत घातलं. छातीवर हात कुणी ठेवला नाही, कारण ठेवायचा असतो हेच ठाऊक नव्हतं. माणूस गेला. मी तालमीचा सेक्रेटरी. वर्गणी काढली आणि दिवाळीत एईडी घेतलं, म्हणजे नुसत्या थरथरणाऱ्या हृदयाला विजेचा शॉक देऊन ठोके पुन्हा लावणारं मशीन. बिल एक लाख दहा हजार.

पोरांना मशीन कशाला हे सांगावं लागलं नाही. आमची फुटबॉल टीम आहे. १२ जून २०२१ ला डेन्मार्कचा एरिक्सन भर मैदानात पडला, ती मॅच सगळ्यांनी बघितलेली. त्याचं हृदय बंद पडलं होतं, तिथंच छाती दाबून आणि अशाच प्रकारच्या मशीनचा शॉक देऊन त्याला वाचवलं.

चालवायला सोपं आहे. चालू केलं की बोलायला लागतं. छातीला चिकटवायचे दोन पॅड असतात: एक पॅड उजवीकडं गळ्याच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर. चित्र पॅडवरच आहे. पुढं ठोके मशीनच तपासतं. हृदय नुसतं थरथरत असेल तरच शॉक देतं, पार थांबलेलं असेल तर देत नाही, नुसतं छाती दाबायला सांगतं. त्यामुळं 'चुकून धक्का बसला तर?' ही सगळ्यांची भीती गेली.

खरी अडचण आमच्या मातीची. डीलरचा माणूस सरावाच्या स्वच्छ पुतळ्यावर पॅड लावून दाखवत होता. मी म्हटलं, "साहेब, आमचा गडी असा नसतो." आखाड्यातली तेल, ताक, हळद मिसळलेली माती पुतळ्याच्या छातीला फासली. पॅड सरळ घसरला! आता पेटीत दोन कोरडे पंचे आणि केसाळ छातीसाठी रेझर आहे. आधी खसाखसा पुसायचं, मग पॅड.

दुसरी गोष्ट तर कंपनीच्या ध्यानातही येणार नाही. मशीन हिंदीत आणि इंग्रजीत बोलतं, मराठीत नाही. 'सीपीआर शुरू करें' म्हटल्याबरोबर आमचं एक पोरगं गाडीची किल्ली आणायला पळालं! मशीनचं सीपीआर म्हणजे छाती दाबणं, पण आमच्या कोल्हापुरात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, दुसरं काही नाही. त्याची चूक नव्हती. पण छाती न दाबता गेलेल्या दर मिनिटाला वाचण्याची आशा सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणून झाकणावर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं: 'छाती दाबा. मिनिटाला १०० ते १२०. एकानं १०८ लावा.' मराठी आवाज मिळावा म्हणून डीलरकडं दोनदा अर्ज दिला, उत्तर नाही. याचा मला राग आहे.

खर्च एकदाचा नाही, हेही घेताना विचारून घ्या. आमच्या पॅडची मुदत दोन वर्षं आहे, न वापरता टाकावे लागतात. तारीख फळ्यावर लिहिलीय. हिरवा दिवा लुकलुकतोय का हे माती खणणारा पोरगा रोज पहाटे बघतो. पेटीला कुलूप आलं होतं, ते काढून टाकलं.

तरीही घ्याच म्हणेन. येत्या रविवारी सकाळी सात वाजता पुन्हा सराव आहे, शेजारच्या दोन तालमींची पोरं येणार आहेत. पुतळ्याला आधीच माती फासून ठेवणार आहे.