गजराचं साधं घड्याळ : आठ महिने वापरल्यानंतर

फोन उशाशी ठेवायचा नाही असं मी कितीदा तरी ठरवलं होतं. दरवेळी अडायचं ते गजरापाशी. मी रुग्णालयात काम करते, पाळ्या दर आठवड्याला बदलतात. मला उठायला उशीर झाला तर आधीच्या पाळीतली मैत्रीण तिथेच अडकून पडते. म्हणजे गजर हवाच, आणि गजर फोनमध्ये. मग रात्री जाग आली की वेळ बघायला फोन हातात घ्यायचा, आलेले निरोप वाचायचे, कुणाच्या तरी प्रवासाचे फोटो बघायचे. खाली ठेवल्यावर लक्षात यायचं, किती वाजलेत ते बघितलंच नाही.

आता उशाशी तळहाताएवढं काट्यांचं घड्याळ आहे, एका पेन्सिल सेलवर चालणारं. जाग येते, वरचं बटण दाबलं की तबकडीवर मंद उजेड पडतो, पावणेतीन वाजलेले दिसतात आणि मी कूस बदलते. त्या घड्याळात बघण्यासारखं दुसरं काही नाही, आणि मला नेमकं तेच हवं होतं. फोन बाहेरच्या खोलीत, आवाज पूर्ण वाढवून ठेवलेला असतो. तातडीचा फोन आला तर ऐकू येतो.

वेळ चोख दाखवतं. आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. 2 चा 15 वा घात म्हणजे हा आकडा. तो पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला एक ठोका उरतो. घड्याळाचे काटे याच मापाने चालतात. साध्या क्वार्ट्झ घड्याळात महिन्याला पंधरा-वीस सेकंदांचा फरक पडू शकतो, माझंही तेवढंच मागे पडतं. एक तारखेला मिळवून घेते.

गजराचं मात्र तसं नाही, आणि घेण्याआधी हे मला कुणी सांगायला हवं होतं. गजराच्या काट्याच्या एका फेऱ्यात बारा तास मावतात, म्हणजे एका मिनिटाला अर्धा अंश. डोळ्यांनी तो मिनिटावर नेमका लावताच येत नाही. माझा गजर पाच-सहा मिनिटं आधी वाजतो, हे पहिल्या आठवड्यात कळलं. आता काटा तेवढा पुढे ठेवते. मागची चकती फक्त बाणाच्या दिशेने फिरवायची. काटा चुकून पुढे गेला तर पूर्ण फेरा मारून आणावा लागतो.

दुसरी अडचण पाळीवाल्यांसाठी मोठी आहे. घड्याळाला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. रात्रपाळी करून मी सकाळी झोपते आणि दुपारी चारचा गजर लावते. उठल्यावर तो नुसता थांबवला, बाजूची कळ खाली केली नाही, तर पहाटे चारला पुन्हा वाजतो. तेव्हा मी कामावर असते आणि घरात आई झोपलेली असते. असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा ती घाबरून उठली, मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून आधी कळ खाली, मग पाय जमिनीवर. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी चोवीस तासांचं आकडी घड्याळ घ्यावं. आणि बारा तासांहून जास्त झोपायचं असेल तर हे उपयोगाचंच नाही.

टिकटिक आधी कानाशी धरून ऐका. माझं सरकत्या सेकंदकाट्याचं आहे, रात्री आवाज येत नाही. दर सेकंदाला उडी मारणारा काटा शांत खोलीत ठळक ऐकू येतो, मला त्यात झोप लागली नसती. अंधारात चमकणाऱ्या काट्यांवर फार भिस्त ठेवू नका. दिवा मालवल्यावर तासभर ते छान दिसतात, पहाटेपर्यंत फिके पडतात. उजेडाचं बटण असलेलंच घ्या.

गजर हळू सुरू होतो आणि जलद होत जातो. आठ महिन्यांत एकदाही चुकला नाही. गेल्या महिन्यात आवाज बसल्यासारखा वाटला. काटे बरोबर चालत होते, पण सेल उतरत आला होता. आता काट्यांकडे न बघता आवाजाकडे लक्ष ठेवते, आणि नवा सेल घड्याळाशेजारीच खणात ठेवला आहे.