एक लॅपटॉप, तीन सिस्टीम आणि तीन पासवर्ड: बेळगावातल्या बिनबोर्डाच्या दुकानाचा अनुभव

मी जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करते. गिऱ्हाईकं निपाणी-चिकोडीपासून चंदगडपर्यंतची, त्यामुळे एका फोल्डरमध्ये २९ ने सुरू होणारे कर्नाटकाचे जीएसटी नंबर आणि शेजारच्यात २७ वाले महाराष्ट्राचे. पॅन, आधार, बँकेचे उतारे, सगळं माझ्या एका लॅपटॉपमध्ये. तो हरवला तर काय, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात होता. टॅली, डिजिटल सहीचं टोकन आणि कन्नड अर्जांसाठीचं 'नुडी' हे टायपिंगचं सॉफ्टवेअर यांच्यासाठी विंडोज लागतंच. बाकीचं काम मला लिनक्स मिंटवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टीमवर करायला आवडतं. त्यात भाचा इंजिनिअरिंगला. सुट्टीला आला की याच मशीनवर बसतो आणि त्याला फेडोरा हे दुसरं लिनक्सच हवं.

म्हणजे एका डिस्कवर तीन सिस्टीम, तिन्ही एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय आतलं काही वाचता येणार नाही अशा), आणि एकाला दुसऱ्याचं काही दिसता कामा नये. हे काम घेऊन मी आधी एका चांगल्या चकचकीत दुकानात गेले होते. तिथे "पासवर्ड चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला चिकटवून ठेवून जा" असं सांगितलं, तेव्हा तशीच परत आले.

रामदेव गल्लीजवळच्या एका बोळात, झेरॉक्सवाल्याच्या वर, जिना चढून गेलं की हे दुकान लागतं. बोर्ड नाही. दोन टेबलं, एक इन्व्हर्टर आणि उघडलेल्या लॅपटॉपांचा ढीग. मालक तिशीतला पोरगा. काय हवं ते सांगितल्यावर म्हणाला, "होतंय की मॅडम, खरं टाईम लागतंय. आणि पासवर्ड टाकायला तुम्ही स्वतः बसायला लागतंय." तिथेच मला तो पटला.

त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे काहीच केलं नाही. विंडोज ११ मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन आधीच चालू होतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नवीन मशीन सुरू केलं की बहुतेक वेळा ते आपोआप चालू होतं आणि मालकाला पत्ताच नसतो. त्याने मला माझ्या फोनवरून खात्यात जायला लावलं, ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यायला लावली, आणि मी पुन्हा वाचून दाखवल्यावरच पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या वाटणीला हात लावला. ही की हाताशी नसताना कुणी बूटच्या (मशीन सुरू होण्याच्या) सेटिंगमध्ये खुडबूड केली, तर विंडोज दारातच अडवतं आणि आतला डेटा गेल्यात जमा.

मग बिटलॉकर (विंडोजचं हेच एन्क्रिप्शन) तात्पुरतं सस्पेंड, फास्ट स्टार्टअप बंद, आणि विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशन लहान केलं. फास्ट स्टार्टअप चालू राहिलं तर विंडोज धड बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून ती ड्राइव्ह नीट वापरता येत नाही. १ टीबीची डिस्क म्हणजे मशीनच्या हिशेबात ९३१ जीबी. त्यातले ४५० विंडोजला, २०० मिंटला, १२० फेडोराला, आणि उरलेली जागा सामाईक फायलींसाठी.

फेडोराचं सोपं. मोकळी जागा दाखवली, एन्क्रिप्शनची खूण केली, बाकीचं इन्स्टॉलरने पाहिलं. मिंटचं तसं नाही. "विंडोजच्या शेजारी बसवा" हा पर्याय निवडला तर एन्क्रिप्शन मिळत नाही, आणि एन्क्रिप्शनवाला तयार पर्याय अख्खी डिस्क पुसायला निघतो. म्हणून त्याने टर्मिनल उघडून लक्सचं (लिनक्सच्या एन्क्रिप्शनचं) पार्टिशन हाताने केलं, त्याच्या आत जागेची आणखी वाटणी करणारं एलव्हीएम आणि बाहेर एक छोटं उघडं बूट पार्टिशन. इन्स्टॉल झाल्यावर लगेच रीस्टार्ट केलं नाही. आधी कुठलं कुलूपबंद पार्टिशन उघडायचं ते सांगणाऱ्या क्रिप्टटॅब नावाच्या फायलीत ओळ घातली आणि सुरुवातीची बूट-फाईल नव्याने बनवली. ही पायरी राहिली की मशीन पासवर्ड विचारतच नाही, काळ्या स्क्रीनवर अडकून बसतं. नेटवर बघून घरी करणाऱ्यांची गाडी बहुतेक इथेच रुतते.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. इन्स्टॉल करताना त्याने तात्पुरता पासवर्ड वापरला होता. नंतर लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी माझा पासवर्ड टाकला, तो लक्सच्या नवीन स्लॉटमध्ये (पासवर्डच्या खणात) गेला. दुसऱ्या स्लॉटमध्ये एक लांबलचक राखीव पासवर्ड, जो आता पाकिटात बंद होऊन बँकेच्या लॉकरमध्ये आहे. लक्स २ मध्ये असे ३२ स्लॉट मिळतात, म्हणजे जागेची चिंता नाही. मग त्याने स्वतःचा तात्पुरता पासवर्ड काढून टाकला आणि तोच पुन्हा टाकून दाखवला. मशीनने नाकारला. "बघा, आता मला पण उघडत नाही."

हेडरचा बॅकअप त्याने यानंतर घेतला, आधी नाही. हेडर म्हणजे लक्सच्या पार्टिशनच्या सुरुवातीचा छोटा भाग, त्यात किल्ल्यांची सगळी माहिती असते. तो भाग खराब झाला तर बरोबर पासवर्ड असूनही काही उघडत नाही, म्हणून बॅकअप हवाच. पण तात्पुरता पासवर्ड काढण्याआधी बॅकअप घेतला असता, तर त्या प्रतीमधून तोच जुना पासवर्ड पुन्हा चालला असता. बॅकअप माझ्या पेन ड्राइव्हवर घेतला, त्याच्या मशीनवर एकही प्रत नाही. रोज दुसऱ्यांचे कागद सांभाळणाऱ्या माणसाला या क्रमाची किंमत कळते.

पासवर्ड ठरवताना एक ध्यानात ठेवा. बूटच्या वेळी मराठी कीबोर्ड नसतो, सगळं इंग्रजी अक्षरांत. मी एकमेकांशी संबंध नसलेले मराठी शब्द रोमन लिपीत लिहिलेत, मधे स्पेस देऊन. टाईप करताना स्क्रीनवर काही धड दिसत नाही, त्यामुळे सुरुवातीला बोटं अडखळतात.

भाच्याच्या फेडोराला त्याचा वेगळा पासवर्ड. तो आपल्या सिस्टीममधून माझं मिंटचं पार्टिशन बघू शकतो, पण ते त्याला नुसतं कुलूपबंद पार्टिशन म्हणून दिसतं. अर्थात एन्क्रिप्शन वाचण्यापासून वाचवतं, पुसण्यापासून नाही. पठ्ठ्याने ठरवलं तर फॉरमॅट मारू शकतो. त्यामुळे बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप चालूच आहे.

सामाईक जागेसाठी व्हेराक्रिप्ट. २०१४ च्या मे महिन्यात ट्रूक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचं जुनं सॉफ्टवेअर बंद पडलं, त्याच्याच पायावर उभं असलेलं हे सॉफ्टवेअर विंडोज आणि लिनक्स दोन्हीत चालतं. टॅलीमधून काढलेले रिपोर्ट मी इथे टाकते आणि मिंटमध्ये उघडते. त्याचा वेगळा पासवर्ड दर वेळी घालून ती जागा माउंट करायचा, म्हणजे उघडायचा कंटाळा येतो, हे खरं. सवय झाली आहे, आवड नाही.

मशीन मंदावेल अशी भीती होती. आताच्या प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीसाठी वेगळी सोय असते, त्यामुळे मला तरी फरक जाणवला नाही. घड्याळाचा घोळ दुकानवाल्याने न सांगता सोडवला होता. लिनक्स मशीनचं घड्याळ जागतिक वेळेत ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ समजून वाचतं, आणि मग विंडोजमध्ये साडेपाच तास मागची वेळ दिसते. रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला असं घड्याळ म्हणजे डोक्याला ताप.

आता तक्रारी. फोन उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देतो, पण रात्री उशिरा. वेळ सांगितली त्यापेक्षा बराच जास्त घेतला. वापरायची माहिती त्याने एका कागदावर लिहून दिली, तीत मराठी, कन्नड आणि इंग्रजीची अशी काही खिचडी आहे की मला घरी येऊन स्वच्छ लिहून काढावी लागली. एक गोष्ट तर त्यात नव्हतीच, मी विचारलं म्हणून कळली. विंडोज सुरू करताना मिंटच्या ग्रब मेनूमधून (सुरुवातीला सिस्टीम निवडायच्या यादीतून) जाऊ नका, एफ १२ दाबून थेट विंडोज निवडा. मधे ग्रब आलं की बिटलॉकरला बूटचा रस्ता बदललेला वाटतो आणि ते ४८ आकड्यांची की मागू शकतं. इतकी महत्त्वाची गोष्ट कागदाच्या पहिल्या ओळीत हवी होती. फेडोरासाठी मात्र त्याने ग्रब मेनूत हाताने ओळ घालून दिली आहे. कुलूपबंद पार्टिशनच्या आतली सिस्टीम ग्रबला आपोआप सापडत नाही.

सगळ्याचे अडीच हजार घेतले. माझ्यासारख्या बाईला बिलाशिवाय पैसे देववत नाहीत, तेव्हा मागितलं. तो जरा गोंधळला, "जीएसटी नंबर नाही मॅडम" म्हणाला. नुसत्या सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, साधं बिल चालतं, हे मीच त्याला सांगितलं. आता बिलबुक छापून घेतलंय म्हणे.

नुसतं विंडोजच्या शेजारी उबंटू टाकून हवं असेल तर इथे यायची गरज नाही, कुणीही देईल. दुसऱ्यांचे कागद सांभाळणारे वकील, डॉक्टर, सीए यांनी मात्र यावं. येताना मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड पाठ असू द्या, कोरा पेन ड्राइव्ह आणि बॅकअप घेतलेली डिस्क आणा, चार्जर विसरू नका. दुपारचं जेवण करूनच जा, कारण पासवर्ड टाकायची वेळ कधी येईल ते तो सांगत नाही. गाडी बोळात लावू नका, झेरॉक्सवाला ओरडतो.