मालदीव की मॉरिशस: दोन्हीकडून ऑफर लेटर आलं असेल तर

फोटोत दोन्हीकडचा समुद्र सारखाच निळा दिसतो. मग माणूस पगाराचे आकडे शेजारी शेजारी ठेवतो आणि मोठा असेल तिकडे झुकतो. मी मात्र आधी एवढंच विचारेन: ड्यूटी संपल्यावर तुम्ही कुठे असणार?

मालदीवच्या रिसॉर्टमध्ये असाल तर तिथेच. एक बेट, एक रिसॉर्ट अशी तिथली रीत आहे. पाहुण्यांचा व्हिला एका टोकाला. दुसऱ्या टोकाला, झाडांच्या आड, स्टाफ क्वार्टर, मेस, लाँड्री, दिवसरात्र घुमणारा जनरेटर आणि समुद्राचं पाणी गोडं करणारा प्लांट. खोलीत बहुधा कुणीतरी सोबतीला असतं, आणि तो घोरतो की नाही हे करारात लिहिलेलं नसतं. कित्येक रिसॉर्टचं घड्याळ माले शहराच्या एक तास पुढे ठेवलेलं असतं, पाहुण्यांना संध्याकाळ मोठी मिळावी म्हणून. घरी फोन लावताना सुरुवातीला हमखास घोळ होतो.

पण पैसा शिल्लक पडतो, हे खरं. राहणं-जेवण कंपनीचं, खर्च करायला दुकानं नाहीत, वर पाहुण्यांच्या बिलावर लागणाऱ्या सर्व्हिस चार्जचा वाटा. हा वाटा हंगामाप्रमाणे वरखाली होतो. डिसेंबर ते मार्च भरभराट, मे-जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी पाऊस आला की उतार. म्हणून ‘सरासरी इतका मिळतो’ यावर मान डोलावू नका, मागच्या 12 महिन्यांचे आकडे महिन्यागणिक मागा.

मॉरिशसमध्ये उलटं. तिथे नोकरी वेगळी, घर वेगळं. भाडं, वीजबिल, बस नाहीतर गाडी, सगळं आपल्या खिशातून. पगार कागदावर बरा दिसला तरी पहिले काही महिने हाताला फारसं लागत नाही. बदल्यात 1,865 चौरस किलोमीटरचं बेट मिळतं. एबेन या ऑफिसांच्या भागातून सुटून बाजारात जाता येतं, रविवारी डोंगर चढता येतो, साहेबाचं तोंड सोमवारपर्यंत बघावं लागत नाही. ऑक्युपेशन परमिट हा काम आणि वास्तव्य दोन्हींचा एकच परवाना, आणि त्याच्या आधारे जोडीदार-मुलांनाही राहता येतं. रिसॉर्टच्या क्वार्टरमध्ये सहसा कुटुंबाला जागा नसते. मुलं शाळेत जाणारी असतील तर माझ्या लेखी तुलना इथेच संपते.

भाषेचं फार मनावर घेऊ नका. रिसॉर्टमध्ये इंग्रजीवर भागतं. मॉरिशसमध्ये ऑफिसचं कामकाज बरंचसं इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंच आणि गप्पा क्रिओल या फ्रेंचवरून घडलेल्या तिथल्या बोलीत; क्रिओल कानावर पडून पडून येते.

हवेत मात्र फरक मोठा. मालदीव विषुववृत्ताला खेटून, त्यामुळे वर्षभर तोच दमटपणा. चामड्याच्या बुटांना बुरशी धरते. मॉरिशस दक्षिण गोलार्धात, म्हणजे थंडी जुलै-ऑगस्टमध्ये. क्युरपिपसारख्या उंचावरच्या गावात तेव्हा स्वेटर लागतो. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस. इशारे 1 ते 4 अशा श्रेणींत येतात, तिसऱ्या श्रेणीला सगळं ठप्प. जानेवारी 2024 मध्ये ‘बेलाल’ वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या वाहून गेल्या. मालदीवला वादळाचा थेट तडाखा क्वचितच, पण तिथली सर्वांत उंच नैसर्गिक जमीन अडीच मीटरही नाही, आणि पिण्याच्या पाण्याची भिस्त यंत्रांवर. डिसेंबर 2014 मध्ये मालेच्या प्लांटला आग लागली आणि राजधानीचे नळ कोरडे पडले.

आजारपणाचा विचार सगळ्यात शेवटी होतो, तो आधी करा. मालदीवमध्ये बेटांवर ने-आण करणारं सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान, फक्त उजेडात उडतं. दूरच्या बेटावर रात्री दहाला पोटात कळ आली तर बेटावरचा डॉक्टर, नाहीतर अंधारातली स्पीडबोट. मॉरिशसमध्ये गाडी काढून हॉस्पिटल गाठता येतं.

एकटे असाल, अंगावर कर्ज असेल आणि काम हॉटेल किंवा डायव्हिंगचं असेल, तर दोन वर्षांसाठी मालदीव. बॅग भरताना पूजेची मूर्ती आणि दारू बाहेर काढून ठेवा, दोन्ही आणायला तिथे बंदी आहे. बाकीच्यांना मी मॉरिशसच सांगेन, शिल्लक कमी पडली तरी.

कुठेही सही करण्याआधी एचआरकडून दोन गोष्टी लेखी घ्या: करार मधेच तुटला तर परतीचं तिकीट कोण काढणार, आणि नोकरी गेल्यावर खोली किती दिवसांत सोडावी लागणार. मालदीवला जात असाल तर स्टाफच्या खोलीचा फोटोही मागा. व्हिलाचा ते न मागताच पाठवतात.