रेडिंगमधले पाच महिने आणि गिफगॅफचे सिमकार्ड

मुलीच्या बाळंतपणासाठी २०२५च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघे इंग्लंडमधल्या रेडिंगला गेलो आणि पाच महिने राहिलो. निघण्यापूर्वी डिंक, अळीव आणि औषधांच्या चिठ्ठ्या यांची यादी चारदा तपासली होती. फोनचे काय करायचे, याचा विचार मात्र विमानतळावर उतरल्यावर केला आणि तो महागात पडला. तिथल्या एका काउंटरवर पर्यटकांसाठी म्हणून घेतलेल्या कार्डाला जेवढे पैसे मोजले, तेवढ्यात पुढे आमच्या दोघांचा दीड महिना निघाला.

ते संपल्यावर मुलीने आमच्यासाठी गिफगॅफची दोन कार्डे मागवली. २००९मध्ये सुरू झालेली ही मोबाइल कंपनी ओ-टू या तिथल्या मोठ्या कंपनीच्या नेटवर्कवर चालते आणि तिचे नाव ‘देवाणघेवाण’ या अर्थाच्या जुन्या स्कॉट शब्दावरून घेतलेले आहे. कार्ड फुकट असते आणि साध्या टपालाने घरी येते. ब्रिटनमध्ये प्रीपेड कार्डासाठी ओळखपत्र मागत नाहीत, त्यामुळे पासपोर्टची प्रत, फोटो, सही असा नेहमीचा खटाटोप झालाच नाही, आणि खरे सांगायचे तर त्यामुळे मला सुरुवातीला चुकल्यासारखेच वाटले.

इथल्या पॅकला ‘गुडीबॅग’ म्हणतात आणि तिचा महिना खरोखरच महिन्याचा असतो. बारा तारखेला सुरू केलेली गुडीबॅग पुढच्या बारा तारखेच्या सुमारास संपते. आपल्याकडे २८ दिवसांच्या हिशेबात वर्षाला तेरावा रिचार्ज येतो, तसे होत नाही. करार नसल्यामुळे पुढच्या महिन्यात लहान पॅक घेता येतो किंवा काहीच न घेता थांबता येते. पैसे भरताना आमच्या भारतीय बँकेचे कार्ड मात्र, परदेशी व्यवहार सुरू करून ठेवलेले असूनही, दोनदा नाकारले गेले. तेव्हापासून मी कोपऱ्यावरच्या दुकानातून रोख पैसे देऊन व्हाउचर आणत असे. पावतीसारख्या त्या कागदावरचा आकडा फोनवर भरला की काम होते.

आम्ही दहा पौंडांच्या गुडीबॅगपासून सुरुवात केली. महिनाअखेरीस पाहिले तर माझे जेमतेम तीन जीबी संपले होते, कारण घरी वायफाय होते आणि बाळ सोडून जाणार तरी कुठे? तेव्हा स्वस्त पॅकवर आलो. ज्यासाठी हे कार्ड खरोखर कामाला आले, तो होता स्थानिक नंबर. मिडवाइफ, म्हणजे तिथली सुईण, घरी येण्याआधी फोन करी, मुलगी झोपलेली असली की पार्सलवाल्याला माझा नंबर दिलेला असे. नुसता डेटा देणारी, प्रवासी ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारे सिम) म्हणून विकली जाणारी योजना घेतली असती, तर यातले काहीच जमले नसते, कारण तशा बहुतेक योजनांत नंबर मिळत नाही.

उणिवाही आहेत. कंपनीचे दुकान नाही आणि फोनवर बोलायला माणूस नाही. अडचण आली तर लिहून विचारायचे, आणि उत्तर बरेचदा दुसरा एखादा ग्राहकच देतो. मुलगी-जावई हाताशी नसते, तर आमच्या वयाच्या कोणाला मी हे कार्ड सुचवले नसते. ज्यांना भारतात साध्या फोनवर वरचेवर बोलायचे असते, त्यांना व्होडाफोनच्या नेटवर्कवर चालणारी लेबारा अधिक सोयीची पडेल, कारण तिच्या अनेक पॅकमध्ये भारतासाठीची मिनिटे धरलेली असतात. कार्ड कोणाचेही घ्या, राहत्या घराचा पोस्टकोड ऑफकॉम या तिथल्या दूरसंचार नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर घालून तिथे कोणते नेटवर्क पोचते, ते आधी पाहावे.

फोनही पाहावा. ईई, व्होडाफोन आणि थ्री या तिथल्या इतर कंपन्यांनी २०२४मध्ये आपली थ्रीजी सेवा बंद केली, तर ओ-टूने २०२५मध्ये ती बंद करायला घेतली. आमच्या ह्यांचा जुना हँडसेट फोरजीवरून बोलू शकत नसल्यामुळे कॉल आला की टूजीवर घसरे, आणि बोलणे चालू असेपर्यंत इंटरनेट गप्प! शेवटी जावयाचा कपाटातला फोन काढावा लागला.

भारतातला नंबर फोनमधल्या सिमच्या दुसऱ्या खणात चालू ठेवला, कारण पेन्शनच्या खात्याचा ओटीपी त्यावरच येतो. त्याची मुदत संपली की येणारे संदेशही थांबतात, म्हणून लांब मुदतीचा रिचार्ज निघण्यापूर्वीच करावा आणि त्या कार्डाचे डेटा रोमिंग बंद ठेवावे. येणाऱ्या संदेशांचे पैसे आम्हाला पडले नाहीत. उचललेल्या कॉलचे पडतात. क्रेडिट कार्ड विकणाऱ्या एका मुलीशी ह्यांनी अगत्याने चार मिनिटे गप्पा मारल्या, ते कार्ड न घेताच बरेच महाग पडले.

गिफगॅफचा नंबर सहा महिन्यांत एकदा तरी वापरला नाही, तर बंद होतो. पुण्यात परतल्यावर मी कालनिर्णयवर फेब्रुवारीच्या पानावर तशी खूण करून ठेवली आहे, कारण नातीच्या पहिल्या वाढदिवसाला पुन्हा जायचे आहे.