चीवनिंग की कॉमनवेल्थ शेअर्ड? आरोग्य आणि समाजकल्याणातल्या मास्टर्ससाठी

चीवनिंग आणि कॉमनवेल्थ शेअर्ड (पुढे नुसतं ‘शेअर्ड’) या दोन्ही शिष्यवृत्त्यांत ब्रिटिश सरकारचा पैसा आहे. दोन्हींतून इंग्लंड-स्कॉटलंडकडचं एका वर्षाचं मास्टर्स होतं आणि फी, विमानभाडं, महिन्याचा भत्ता मिळतो. वर्ष संपलं की मायदेशी परतण्याची अटही दोन्हींत आहे. चीवनिंगमध्ये परतल्यावर किमान दोन वर्षं मायदेशात राहावं लागतं, हे मात्र आधीच लक्षात घ्या. शेअर्डमध्ये काहींना गरम कपड्यांसाठी वेगळी रक्कम मिळते, पण स्वेटरसाठी कोणी शिष्यवृत्ती निवडत नाही. म्हणून पैशांची तुलना इथेच सोडतो. अर्ज काय विचारतो आणि आपल्या क्षेत्रातला माणूस त्यात कुठे अडकतो, निवड त्यावरून करावी असं माझं मत आहे.

चीवनिंगमध्ये पहिली चाळणी कामाच्या अनुभवाची. दोन वर्षं, म्हणजे त्यांच्या हिशेबाने २,८०० तास. आठवड्याला ३५ तास धरले तर ८० आठवडे. पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. अडतात ते दोन प्रकारचे लोक. एक, नुकतेच बीएएमएस (आयुर्वेद), बीपीटीएच (फिजिओथेरपी) किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्य) झालेले: पदवीसाठी सक्तीची असलेली इंटर्नशिप किंवा फील्डवर्क या तासांत धरलं जात नाही, आणि तेच वजा केलं की हातात फार थोडं उरतं. दुसरे, संस्थांमध्ये मानधनावर किंवा प्रकल्पापुरतं काम केलेले. त्यांचे तास भरतात, पण तुकड्यातुकड्यांत: सहा महिने सर्वेक्षण, मग चार महिने रिकामे, मग आठवड्याला तीन दिवस समुपदेशन. अर्धवेळ आणि स्वयंसेवी काम चालतं, तेव्हा घाबरायचं कारण नाही. फक्त प्रत्येक तुकड्याच्या तारखा आणि आठवड्याचे तास आधी कागदावर मांडून बेरीज करा. संस्थेकडून पत्र घ्यायची वेळ आली तर त्यात ‘समाजकार्यकर्ता म्हणून उत्तम काम केले’ एवढंच नको, कालावधी आणि तास स्पष्ट हवेत.

शेअर्डला तासांची अशी अट नाही. अनुभव असला तर अर्जाला वजन येतं, पण दारातच कोणी अडवत नाही.

ज्यावरून माझा कौल ठरला ती गोष्ट वेगळीच आहे. चीवनिंगचे निबंध चार: नेतृत्व, संपर्कजाळं, ब्रिटन आणि हेच अभ्यासक्रम का, आणि पुढची कारकीर्द. पहिल्या दोन्हींत वाक्याचा कर्ता ‘मी’ लागतो. मी ठरवलं, मी पटवलं, माझ्यामुळे बदललं. आता आरोग्यातलं किंवा समाजकल्याणातलं काम कसं चालतं ते पाहा. गावातलं लसीकरण वाढतं ते आशा, एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका), अंगणवाडीताई, एखादी खमकी सरपंच आणि वेळेवर आलेला लसीचा डबा यांच्यामुळे. त्यातला आपला वाटा खरा असतो, पण तो वेगळा काढून चकचकीत करायला गेलं की लिहिणाऱ्यालाच खोटं वाटू लागतं. मराठी माणूस अशा वेळी ‘आम्ही’ लिहितो, आणि परीक्षकाला त्यातून काहीच कळत नाही. माझ्या मते आपल्याकडचे बरेच चांगले अर्ज इथेच फिके पडतात. काम कमी पडलं असं नसतं, कर्ता हरवलेला असतो.

यावर इलाज आहे. मोठ्या मोहिमेऐवजी एक छोटा निर्णय निवडा, जो तुमचाच होता: शिबिराचा दिवस बाजाराच्या दिवशी ठेवणं, नोंदवहीत एक रकाना वाढवणं, नाराज मुकादमाशी बोलायला स्वतः जाणं. मग विरोध कोणाचा झाला, तुम्ही काय केलं, काय बदललं, या क्रमाने लिहा. असा निबंध जमतो. तरी तो लिहिताना आपण कोणाच्या तरी खांद्यावर उभे राहून हात हलवतोय अशी भावना जात नाही. काहींना ती खुपत नाही, आणि मुलाखतीत मोकळेपणी बोलणाऱ्यांना तर चीवनिंग सरस ठरेल.

शेअर्ड माणसाआधी प्रश्नाकडे बघते. तुमचा अभ्यास कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती आयोगाच्या सहा विकासविषयांपैकी एकात बसवायचा असतो. सार्वजनिक आरोग्यवाल्यांना ‘आरोग्यव्यवस्था आणि क्षमता बळकट करणे’ सरळ लागू पडतो. अपंगत्व, वृद्धसेवा, बालसंरक्षण अशा विषयांना ‘प्रवेश, समावेश आणि संधी’ जवळचा. मग लिहायचं की या शिक्षणातून तुमच्या देशात नेमकं काय बदलेल. इथे ‘ग्रामीण आरोग्यसेवा सुधारणार’ असं लिहिलं की अर्ज बुडाला समजा.

चालेल असा मजकूर कसा असतो? समजा विषय ऊसतोडीचा आहे. बीडची गरोदर बाई दिवाळीनंतर टोळीबरोबर सांगली-कोल्हापूरच्या फडात जाते. तिची नोंद गावच्या आशाकडे राहते आणि बाई दोनशे-तीनशे किलोमीटरवर. तपासण्या चुकतात, बाळाचे डोस मागे पडतात. आता चार गोष्टी लिहा. अडचण नेमकी कुठे आहे: नोंद गावाला चिकटलेली, माणूस फिरता. अभ्यासक्रमातला कोणता भाग कामी येईल: साथरोगशास्त्र, आरोग्यव्यवस्थांचं धोरण, कार्यक्रमाचं मूल्यमापन, ज्याचं नाव त्या विद्यापीठाच्या पानावर असेल तेच. परतल्यावर ते कोण वापरेल: जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, साखर कारखाना, तुमची संस्था. आणि बदल झाला हे कशावरून कळेल: हंगामात चार प्रसूतिपूर्व तपासण्या झालेल्या बायकांचं प्रमाण, वर्षाच्या आत पूर्ण लसीकरण झालेली बाळं. पाच वर्षांत काय होईल ते लिहिताना हात आखडता घ्या. एक तालुका पटतो, अख्खा महाराष्ट्र पटत नाही.

यात ‘आम्ही’ लपवावं लागत नाही. माझा कौल शेअर्डकडे गेला तो एवढ्यामुळेच. बाकी बाबतींत तीच जास्त त्रासदायक आहे, हेही सांगायला हवं.

पहिला त्रास अभ्यासक्रमांचा. चीवनिंगमध्ये पात्र अभ्यासक्रमांतून तीन आपण निवडतो, कोणत्याही विद्यापीठातले. शेअर्ड फक्त त्या वर्षीच्या यादीतल्या विद्यापीठांच्या ठरावीक अभ्यासक्रमांना मिळते. गेल्या वर्षी असलेला अभ्यासक्रम यंदा असेलच असं नाही. सार्वजनिक आरोग्याचे पर्याय बहुधा सापडतात, पण निव्वळ समाजकार्य किंवा सामाजिक धोरण हवं असेल तर यादी तोकडी वाटू शकते. अशांना चीवनिंग बरी, हे मोकळेपणाने मान्य.

दुसरा त्रास दोन दरवाज्यांचा. शेअर्डसाठी या आयोगाच्या प्रणालीत एक अर्ज आणि विद्यापीठात प्रवेशाचा स्वतंत्र अर्ज, असे दोन लागतात. उमेदवारांची नावं विद्यापीठ पुढे पाठवतं. काही विद्यापीठांची आतली मुदत वेगळी असते, काही शिष्यवृत्तीसाठी आणखी एक फॉर्म मागतात. एकच अर्ज भरून वाट बघत बसणं ही इथली सगळ्यात महागडी चूक. एकाहून जास्त विद्यापीठांत अर्ज करता येतो, शिष्यवृत्ती मात्र एकच स्वीकारता येते. शिवाय श्रीमंत देशात एक शैक्षणिक वर्ष किंवा जास्त शिकलेल्या वा नोकरी केलेल्या माणसाला दार बंद. शिष्यवृत्तीशिवाय ब्रिटनमध्ये शिकणं तुम्हाला परवडणारं नसावं, हीही अट आहे. आखातात नर्सिंगची नोकरी करून आलेल्यांनी तो देश उच्च उत्पन्न गटात आहे का, ते आधी तपासावं.

‘मग सरकारची घ्या ना’ असं कोणी म्हणेल. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे, आणि पात्र असाल तर जरूर भरा. पण आपल्या क्षेत्राला तिथे एक खास खाच आहे. या योजना क्यूएस ही जगभरातल्या विद्यापीठांची क्रमवारी बघतात. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन किंवा लिव्हरपूल स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली दोन मोठी नावं, क्यूएसच्या सर्वसाधारण यादीत नाहीत, कारण ती यादी अनेक विद्याशाखा असलेल्या आणि पदवीही शिकवणाऱ्या विद्यापीठांची आहे. केंद्राच्या योजनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनी तर भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावर आधारलेले सामाजिक अभ्यास यांवरचे विषयच वगळले. समाजकल्याणवाल्यांनी आपल्या विषयाचं शीर्षक त्या चौकटीत तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून चालू आहे, पण ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे. उरलेली फट भरायला ठीक.

वेळापत्रकाचं सांगायचं तर चीवनिंग साधारण ऑगस्टमध्ये उघडते आणि शरद ऋतूत बंद होते. शेअर्डची मुदत अलीकडे डिसेंबरच्या आसपास येते. म्हणजे दोन्ही भरता येतात, आणि भरावेत. फक्त चीवनिंगचा नेतृत्वाचा निबंध शेअर्डमध्ये चिकटवू नका, दोन्हींचे प्रश्न वेगळे आहेत. चीवनिंगला निवड झाल्यावर जुलैपर्यंत बिनशर्त प्रवेशपत्र लागतं. अट बहुतेक वेळा दोनच कागदांची राहिलेली असते: इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आणि पदवी प्रमाणपत्र.

पदवीच्या कागदांत एक हमखास घोळ असतो तो नावाचा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर आणखी वेगळं. दोन्ही अर्ज पासपोर्टप्रमाणेच भरा. गुणपत्रिकेवरचं नाव आपलंच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि हवं तर विवाह प्रमाणपत्राचं इंग्रजी भाषांतर सप्टेंबरमध्येच करून ठेवा. ट्रान्सक्रिप्टची (विद्यापीठाने दिलेल्या सगळ्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याची) मागणीही त्याच आठवड्यात टाका, नंतर परीक्षांचे निकाल आणि दिवाळीची सुट्टी मध्ये येते.